मागच्या रांगा पाहिलेली शिडी

मी एक जुनी शिडी आहे. पेणजवळच्या जोहे गावातल्या एका सुताराने मला केलं, आणि तेव्हापासून मी इथल्या गणपतींच्या गोदामात आहे. मूर्तिकारांनी मिळून काढलेल्या कंपनीचं हे गोदाम.

मित्रांनो, माझं कौतुक पुष्कळ झालं. मूर्ती वरच्या फळ्यांवर चढवायच्या म्हटल्या की सगळ्यांना मीच लागायचे. पण वर्षअखेरच्या साठ्याच्या मोजणीला माझ्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. अध्यक्ष हैबतराव आणि पेणहून आलेले हिशेबनीस खालीच उभे राहत. पुढची रांग मोजत, मागे तशाच पंधरा रांगा धरत आणि गुणाकार करून मोकळे होत. मग चहा यायचा.

पुढे मंडळावर एक बाई हवी म्हणून विमलबाईंना संचालक केलं. त्या मूर्तींचे डोळे आखायच्या. त्यांच्या भरवशावर गावातल्या बायकांनी कंपनीत पैसे घातले. पहिल्याच मोजणीला विमलबाईंनी पदर खोचला, मला फळीला लावलं आणि सरळ वर चढल्या.

"वर काय बघतेस गो?" हैबतराव हसले.

"मागं मूर्ती नाय. पत्रा गळलाय. शाडूचा नुसता चिखल हाय."

"अहवाल छापायला गेला. तू सही कर."

"पुढची रांग बघून मी सही करायची नाय. बायकांचे पैसे हायत यात."

मला इतकं बरं वाटलं, काय सांगू! पण पुढच्याच सभेत विमलबाईंना काढलं. त्यांच्या जागी हैबतरावांची सून आली. ती राहते रोह्याला. गोदाम तिने पाहिलेलंच नाही. कागद तिच्या घरी जातात आणि सही होऊन परत येतात. मला मागच्या अंगणात आडवं टाकलं. वाळवी लागली आहे. राग येतो, पण करणार काय?

आज शकू आली आहे. ती मूर्ती घासायचं काम करते. दोन वर्षांची मजुरी साठवून कंपनीत घालायला निघाली आहे. हातात कंपनीचा यंदाचा अहवाल आहे, त्यात गोदाम मूर्तींनी भरलेलं. विमलबाईंनी तिला इथे मागच्या दारातच अडवलं.

"नको घालू गो. वर काय नाय."

"छापलंय ना, विमलबाई. एवढी मान्सं खोटं छापतील व्हय?" असं म्हणून शकू आत गेली.

मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला हात आहेत. कोणीतरी मला उचला, त्या फळीला लावा आणि शकूला वर चढवा. तिच्या वजनाला मी अजून पुरेन. लवकर करा, दारातून दिसतंय मला, ती पिशवीतून पैसे काढते आहे.