अप्पांचा देव आणि माझी मूठ

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अप्पांच्या, घशात कॅन्सर निघाला तेव्हा सगळं घर रडलं. मीही रडले. पण रेडिएशन सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात माझं रडणं बंद झालं. डोळे पुसायला हात मोकळा नको?

आम्ही लिंगायत, त्यामुळे अप्पांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून त्यांनी ते अंगावेगळं केलेलं नव्हतं, आंघोळीलाही नाही आणि झोपेतही नाही. मशीनखाली मात्र गळ्यात काहीच चालत नाही. तिथल्या माणसानं डबी भिंतीवरच्या खुंटीला अडकवायला सांगितली. अप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा दोन पावलं मागं सरला. मग डबी माझ्या हातात आली. वर अटी होत्याच. पर्समध्ये टाकायची नाही, बाकावर टेकवायची नाही, मूठ उघडायची नाही.

मग काय, रोज लातूरच्या त्या हॉस्पिटलात मी मूठ आवळून उभी. चहा गार व्हायचा, फोन वाजून वाजून बंद पडायचा. शेजारी आमचा महांतेश, म्हणजे माझा नवरा, दोन्ही हात मोकळे ठेवून मोबाईल बघत बसायचा. पोटचा पोरगा आहे ना, त्याच्याकडे द्या, असं मी अप्पांना कितीदा सांगितलं. ते नुसती मान हलवायचे. कारण सांगायला त्यांचा आवाजच उरला नव्हता.

उपचार संपले तोवर अप्पा निम्मे झाले होते. पेजेचा घोट गिळतानाही डोळ्यांतून पाणी यायचं. जिभेची चव गेली होती, आणि त्याचा दोष माझ्या स्वयंपाकाला. बोलता येत नव्हतं म्हणून वाटी आपटायचे. मसाल्याचा जन्मभराचा व्यापारी माणूस, त्याला बिनतिखटाची पेज कशी रुचणार? हळूहळू आवाज परतला, घोगरा आणि तुटका. पण स्कॅनमध्ये काही उरलेलं दिसलं तर स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. म्हणजे आलेला आवाज कायमचा जाणार.

स्कॅनसाठी नांदेडला गेलो. तिथं किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन दिल्यावर अप्पांना काचेपलीकडे एकटं बसवलं आणि आम्हाला लांब राहायला सांगितलं. डबी माझ्याकडेच. आत स्वतःच्या जिवाचा फैसला व्हायचा होता, आणि अप्पा काचेतून माझ्या मुठीवर नजर ठेवून! मी दर थोड्या वेळानं मूठ वर करून दाखवत होते. येणारे-जाणारे माझ्याकडे बघून हसत होते.

रिपोर्ट घेऊन परत लातूरला आलो. डॉक्टरांनी मान तपासायला घेतली, तशी डबी पुन्हा माझ्याकडे. त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं, रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, कुठंही काही उरलेलं दिसत नाही. तपासण्या चालू ठेवू, पण आज घाबरण्यासारखं काही नाही.

महांतेश ढसाढसा रडायला लागला. अप्पांनी माझ्यापुढे हात केला. "डबी आण."

माझं डोकं फिरलं. "अप्पा, एवढा चांगला रिपोर्ट आला आणि तुम्हाला डबीचंच पडलंय? इतके महिने खुंटी करून ठेवलंत मला. यांच्या हातात एकदा तरी का न्हाई दिली?"

अप्पा म्हणाले, "देव अंगावरनं उतरला की माणूस गेला, असं आमचा बाप म्हणायचा. मला जायाचं नव्हतं, शिवकन्ये." मग म्हणाले, "महांतेश कुठंबी ठेवतो अन् विसरतो. तू चिडतीस लई, पर सोडत न्हाईस. तुझ्या मुठीत हाय तवर मी म्हणायचो, माझ्या अंगावरच हाय."

त्यांची बोटं रेडिएशनसोबत दिलेल्या केमोच्या औषधांनी बधिर झालेली, म्हणून डबीचा दोरा मीच त्यांच्या गळ्यात बांधला. मग तिथंच, डॉक्टरांच्या समोर, दोन्ही हातांनी तोंड झाकून मी पोटभर रडले.

"दोरा ढिला बांधलास," अप्पा म्हणाले.