रखमाजीच्या डोहातले शिंपले

या माऊली, असं पुढं सरकून बसा. टाळ ठेवा जरा खाली. गोदाकाठची एक गोष्ट सांगतो. गोड नाही, पण ऐकाच.

घनसावंगीकडचा रखमाजी भोई भजनातही पुढं आणि नदीतही पुढं. गावाखालच्या डोहात शिंपल्यांची लांबलचक पाळ होती, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना बिलगून वाढलेली. तिच्या फटींत वाम मासळी दडायची, शिंगाड्या माशाची पिल्लं मोठी व्हायची. पाणी असं नितळ, की तळ दिसावा. रखमाजीची चूल त्या पाळीच्या जिवावर पेटायची.

एका उन्हाळ्यात डोह आटला, पाळ उघडी पडली. सप्ताह तोंडावर आलेला. देवळाला जुन्या रीतीनं भाजलेल्या शिंपल्यांचाच चुना द्यायचा, असं गावानं ठरवलं. काठावरचे मेलेले शिंपले वेचून सरले, तशी रखमाजीनं कुदळ उचलली.

"अरे रखमाजी, तोंडं मिटलेली हायेत त्यांची. जित्ते हायेत!" शेजारची सगुणाबाई ओरडली.

"मावशे, देवाच्या कामी चाललेत. तुझ्या-माझ्याहून नशीबवान हायेत, बिलकुल."

"देवानं मागितले का तुला?"

"तू आधी गोवऱ्या आण जल्दी, मंग कीर्तन कर!"

सगळे हसले. भट्टी पेटली. देऊळ दुधासारखं उजळलं. बुवांनी भर कीर्तनात नारळ हातात दिला, तेव्हा रखमाजीचे डोळे भरून आले.

पावसाळ्यात डोह भरला, पण पाणी काही निवळेना. ते गाळून घेणारे शिंपलेच होते, हे तेव्हा कळलं. तळाशी हिरवा, कुबट गाळ बसला. पहिल्या साली जाळ्यात थोड्या वामा आल्या, पुढं नुसतं शेवाळ. रखमाजीनं वरच्या गावाहून पाटीभर जिवंत शिंपले आणून सोडले. ते चिखलात रुतले आणि तोंड उघडून मेले. बायको दैवशाला वडीगोद्रीच्या ढाब्यावर भांडी घासायला जाऊ लागली.

"जाळं विकून टाका आता," ती म्हणाली. "रोज कशाला भिजवून राह्यलात?"

"येईल गं पाळ परत."

"कवा? आपण असू का तवर?"

 रखमाजीला देवावर रुसता आलं असतं तर बरं झालं असतं. पण कुदळ त्याचीच होती. अजूनही तो सकाळी जाळं टाकतो, काठावर बसून शेवाळ निवडतो आणि रिकामं जाळं खांद्यावर घेऊन घरी येतो.

माऊली, नाम घ्याल तेव्हा या रखमाजी भोयाला आठवा. त्याच्यासाठी मागावं असं आता काही उरलं नाही. नुसतं आठवा.