दारातलं कुत्रं

टिक्.

इस्त्री तापली की तिचा दिवा विझतो, तेवढाच तो आवाज. पडेगावचं घर भर दुपारी गपगार पडलं होतं. त्या आवाजासरशी हनुमान कॉटवरून उडाला, त्यानं इस्त्री करत उभ्या अंबिकेला कमरेला धरून फरशीवर आदळलं आणि तो तिच्या अंगावर पालथा पडला. इस्त्री वरून आली. तिच्या मनगटाचं कातडं चर्रर्र झालं.

"डोकं खाली! डोकं खाली घे, अतुल!"

अंबिका ओरडली नाही. अंगणात तनुजा आजोबांशी खेळत होती. सात वर्षांच्या लेकरानं बापाला असं बघू नये, एवढंच तिला सुचलं. नवऱ्याचं डोकं तिनं छातीशी धरलं, तापातल्या पोरीचं धरावं तसं.

"मी हाय. अंबी हाय. इस्त्री वाजली वो नुसती."

अतुल हा त्याच्या तुकडीतला जवान. त्याला जाऊन दीड महिना झाला होता. हनुमान भानावर आला, त्यानं तिचं मनगट बघितलं आणि तिला मोरीत नेऊन नळाखाली हात धरला.

सोयगावच्या माळावर मेंढरांमागं पळणारा हा गडी अठराव्या वर्षी भरतीत अनवाणी धावून शिपाई झाला. कवायत शिकवणाऱ्या उस्तादांच्या लाथा खात शिपायाचा नाईक झाला. एका ओढ्यात बंदूक अडकली, तेव्हा समोरच्याला त्यानं लोखंडी टोपानं ठेचून मारलं. त्या माणसाचे दात अजून त्याच्या दंडावर उमटलेले आहेत. शिपायांतून अधिकारी निवडायची परीक्षा असते, तिथं मात्र इंग्रजीनं त्याला दोनदा लोळवलं. तिसऱ्या खेपेला अंबिका शिकवायला बसली. बारावी शिकलेली, पोटात तनुजा. तो सुट्टीवर आला की ती शब्द घालायची, चुकला की कान पिळायची. "साधी रजेची चिठ्ठी लिहिता येईना, आन् साहेब व्हायला निघाले!" पास झाला. खांद्यावर तारे लावायला एका बाजूला ती आणि दुसऱ्या बाजूला सासरे, त्रिंबक. मेंढरांचे कान टोचणारा हात तो; म्हाताऱ्यानं पिन पार कातडीत घुसवली. पोरगं हललं नाही.

आता तो कॅप्टन होता. उद्या सोयगावात त्याचा सत्कार होता आणि त्यासाठीच गणवेशाला इस्त्री चालली होती.

"काय आदळलं गं, अंबे?" त्रिंबक आत आले.

"इस्त्री पडली, मामा." तिनं पदर मनगटावर ओढला.

म्हातारा भिंतीला टेकून बसला. "हनम्या, उद्या माझ्या हातात माईक देणार हायेत. तवा पुन्यांदा नीट सांग. लोक इचारतील, त्रिंबका, मेंढरांनी कसं काय सांगितलं तुझ्या पोराला?"

"जाऊ द्या ना, आबा."

"जाऊ द्या कसं? साहेबाच्या पोराला जमलं असतं का ते? त्याला मेंढरू म्हंजे ताटातलं ठावं!"

हनुमाननं तुटक तुटक सांगितलं. डोंगरावर एक दगडी खोपी. दारापुढं मीठ पसरलेलं, तरी कळप लांब, एकमेकांत तोंडं खुपसून उभा. मेंढरू मीठ सोडत नाही. म्हणजे आत परकी माणसं. त्यानं तुकडी खाली बसवली, म्हणून सतराजण वाचले.

"बराबर!" म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. "आन् कुत्रं? कुत्रं कुठं व्हतं?"

हनुमान गणवेशाची बटणं लावू लागला.

"कळप हाय म्हंजे कुत्रं असणारच की. मारलं व्हतं का त्यांनी?"

"दारात बसलं होतं."

मोरीच्या दारात अंबिका थबकली. तीही मेंढपाळाचीच लेक. गोळ्या सुटल्या तरी कुत्रं दार सोडत नाही, याचा अर्थ एकच. धनी आत आहे. जिता आहे.

"बांधलेलं आसल," म्हातारा म्हणाला. लेकाला वाट करून देत होता.

"नव्हतं बांधलेलं, आबा."

मग तो बोलत सुटला, फरशीकडं बघत. पहिल्याच गोळीनं अतुलचा जबडा गेला. बोलायला जायचा आणि तोंडातून नुसते रक्ताचे बुडबुडे. त्यानं हनुमानच्या पायाला मिठी मारली होती. आणखी दोघं उघड्यावर पडलेले, त्यांच्या अंगात गोळ्या घुसतच होत्या.

"मला कुत्रं दिसलं. मला कळलं. आन् मी रॉकेट मारायला सांगितलं."

"मंग?"

"आत जाऊन बघितलं. दोघं बंदूकवाले भिंतीला चिकटले होते. तिसरा म्हातारा. हातपाय बांधलेले. दोर जळाला होता, मनगटावर गाठ तेवढी राहिली होती. कुत्र्याचं मागचं अंग तुटलेलं, तरी पुढच्या पायांवर सरपटत आलं आन् त्याचं तोंड चाटाया लागलं. मी कुत्र्याला गोळी घातली. अतुल काय वाचला नाय."

"कागदावर काय लिवलं?"

"तीन अतिरेकी."

त्रिंबक उठले. काठी उचलली आणि कॅप्टनच्या पाठीत घातली. पुन्हा घातली. हनुमाननं पाठ वाकवली नाही की हात आडवा केला नाही. तिसऱ्यांदा उचललेली काठी हातातच राहिली.

"आपल्यातला व्हता रं तो," म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

हनुमाननं कॉटच्या गादीखालून घडी घातलेला कागद काढला. "अंबे, वरच्या साहेबाला द्यायचंय. इंग्रजीत लिवलंय. चुका तेवढ्या बघ."

तिनं वाचला. सगळंच लिहिलं होतं, कुत्र्यासकट.

"हे दिलं तर तारे जातील."

"व्हय."

"जेलात घालतील."

"घालतील."

"आन् पोरीचं काय?"

"म्हणून तर तुझ्या हातात दिलं. तू फाडलंस तर मी दुसऱ्यांदा लिवणार नाय. तेवढी हिंमत नाय माझ्यात."

कागद फाडायला कितीसा वेळ लागतो? अंबिकेनं दोन्ही हातांत धरलाही. मग कुठल्याशा डोंगरातली एक बाई तिच्या डोळ्यांपुढं आली. नवऱ्याला अतिरेकी म्हणून पुरलेला बघणारी, गावानं पाणी तोडलेली, पदरात नातवंडं असलेली. अंबिकेनं तनुजाच्या दप्तरातली पेन्सिल घेतली. भाजलेला हात नीट वळत नव्हता. मेंढपाळासाठीच्या इंग्रजी शब्दात त्यानं एक अक्षर गाळलं होतं. ते तिनं भरलं. खाली एक चुकीचं क्रियापद होतं, ते सुधारलं. घडी घालून कागद नवऱ्याच्या हातात परत दिला.

तेव्हा तिला उंबऱ्यात तनुजा दिसली. केव्हाची उभी होती कोण जाणे. पोरीनं आधी बापाकडं बघितलं, मग भिंतीकडं तोंड केलेल्या आजोबांकडं, मग तिच्याकडं.

"आई, तिथं आत आपले आबा बांधलेले असते, तरी पप्पांनी रॉकेट मारलं असतं का गं?"