राहीलचे रोजे

रमजानच्या आधी घरी येऊ का, एवढंच राहीलनं पत्रात विचारलं होतं. पनवेलकडच्या व्यसनमुक्ती केंद्रात मोबाईल ठेवू देत नसत, म्हणून पत्र. त्याच्या बापानं, मोहियुद्दीननं, ते वाचून शिलाईमशीनच्या खणात ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. आता रमजान लागलाही होता.

पहाटे रोजा सुरू होण्याआधी, सहेरीला, त्याच्या बायकोनं, हाजरानं, भाकरी वाढली आणि माळ्यावर पावलं वाजली. मोहियुद्दीनचा घास हातातच राहिला. माळा रिकामा होता, हे त्याला ठाऊक होतं. तिनंही वर पाहिलं नाही.

गेल्या रमजानात ही पावलं खरी होती, राहीलची. राहील कर्जतच्या फार्महाऊसांवर पार्ट्यांचे दिवे लावायचा. रोजा म्हटला की दुपारीच कासावीस होणारा पोरगा, पण त्या वर्षी पाण्यालाही शिवला नाही. रात्र रात्र जागायचा, सहेरीला घराला तोच उठवायचा आणि संध्याकाळी इफ्तारला दोन खजूर खाऊन उठायचा. नाकातून रक्त आलं, ते उन्हाळ्याच्या नावावर खपलं. खिडकीच्या फटींत तो चिंध्या कोंबायला लागला, बाहेर कुणी उभं आहे म्हणाला, तेव्हा हाजरानं दुवा फुंकून दम केलेलं पाणी आणून पाजलं. मशिदीत चार शब्द बोलताना अडखळणारा मोहियुद्दीन त्या दिवसांत आपणहून लोकांना थांबवून सांगायचा, आमचा राहील दीनाला, धर्माला लागला. एवढा सुखी तो उभ्या जन्मात नव्हता.

मग एका रात्री, तरावीहच्या नमाजात, पहिल्या रांगेतला राहील छाती धरून खाली बसला. रोज्यांचा थकवा, असं लोक म्हणाले.

इस्पितळात डॉक्टरांनी बापाला बाजूला घेतलं. "तुमचा मुलगा कोकेन ओढतो. भूक त्यानं मेली, झोप त्यानंच उडाली. नाकाचा पडदा आतून झिजलाय. हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळल्या, म्हणून या वयात झटका आला." हृदय कायमचं कमजोर झालंय, पुन्हा ओढलं तर वाचेलच असं नाही, असंही ते म्हणाले. फटीतून दिसणारी माणसं हाही कोकेनचाच खेळ होता.

मोहियुद्दीननं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग रोजे?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही.

आता सहेरीच्या भाकरीचं ताट उचलताना हाजरा थांबली. "तुमाला तो गेल्या सालासारखा पायजे," ती म्हणाली. "तसा परत झाला तर मरंल तो."

त्यानं पाण्याचा शेवटचा घोट घेतला.

"त्याच्या गोळ्या दुपारी जेवणावर हायत. भर रमजानात पोरगा घरात जेवतोय, असं लोकांना सांगाल का? का, म्हनूनच त्याला तिकडं ठेवायचा?"

पहाटेची फजरची नमाज झाल्यावर तो मशीनशी पत्र लिहायला बसला. किती तरी कागद खराब केले. शेवटी जे उरलं ते इतकंच होतं: ये. रोजा धरायचा नाही. दुपारी तुझी अम्मी गरम जेवण करील. रोजा असल्यानं जीभ न लावता, पाण्यात बोट बुडवून त्यानं पाकीट चिकटवलं.

खालापूरच्या बाजारात टपालपेटीशी कोंबडीवाल्या हुजैफानं त्याला गाठलं. मशिदीत तो नेहमी त्यांच्याच रांगेत असायचा. "काय चाचा, तुमचा वलीबाबा कुठं हाय? यंदा पहिल्या रांगेत दिसला नाय. आमाला दुवा कोन देनार?"

चेष्टाच होती, पण मायेची. कामावर बाहेरगावी गेलाय, हे शब्द मोहियुद्दीनच्या ओठांपर्यंत आले. गेले कित्येक महिने तो तेच सांगत आला होता. त्यानं टोपी नीट केली.

"येतोय," तो म्हणाला. "रोजे नाय धरनार तो. दिवसा जेवंल."

"का वो, आजारी हाय?"

"हां. आजारी हाय. आमी त्याला दीनदार समजलो."

हुजैफाच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. मोहियुद्दीननं पाकीट पेटीत टाकलं, आणि कोरड्या घशानं, सावलीसावलीनं घराकडे चालू लागला.