खरबुजातली फुलं

कलेच्या क्षेत्रात मत्सराला जागा नसते, असं बाई गेली बावीस वर्षं आपल्या पुष्परचनेच्या वर्गात सांगत आल्या होत्या. एखादी नवी विद्यार्थिनी पहिल्यांदाच काही बरं करून दाखवी, तेव्हा हे वाक्य हमखास यायचं. मग बाई त्या रचनेतली दोन फुलं उपटून टाकायच्या आणि म्हणायच्या, "आता बघ."

या तत्त्वाची परीक्षा घ्यायला कुणी परकं आलं नाही. नवराच निवृत्त झाला.

साहेब जमीन मोजणीच्या खात्यात होते. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या हद्दी आखल्या. घरात मात्र त्यांची स्वतःची हद्द वर्तमानपत्रापासून चहाच्या कपापर्यंत, एवढीच होती. निवृत्तीच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर कलिंगड ठेवलं, त्याचं बूड कापून सपाट केलं, वरची टोपी उडवली, गर काढला आणि कडेवर बुडबुड्याची लेव्हल ठेवून, एक डोळा मिटून, बराच वेळ बघत बसले. मग आत पाण्याचा पेला बसवला आणि त्यात बाईंच्याच बादलीतली पांढरी शेवंती, एकेक दांडा पट्टीनं मोजून.

"हे काय चाललंय?"

"काही नाही गं. वेळ जात नव्हता."

शनिवारच्या वर्गानं ते कलिंगड पाहिलं. वर्गातली सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, जिला कात्री धरायलासुद्धा बाईंनी शिकवलं होतं, ती गालावर हात ठेवून उभी राहिली.

"अगंबाई! बाई, हे काय सुचलं तुम्हाला आज!"

"ह्यांनी केलंय."

"तरीच!"

भातातला खडा थुंकता तरी येतो. हा शब्द बाईंच्या दाताखाली आठवडाभर राहिला.

उन्हाळा चढत गेला तशी फळं वाढत गेली. अननस पोखरून झाला. लिंबांच्या वाट्यांत एकेक फूल बसलं. शेजारच्या काकू रोज 'सहज' डोकावू लागल्या, आणि बावीस वर्षांत त्या एकदाही सहज आल्या नव्हत्या. बाई तोंडानं कौतुक करत राहिल्या.

तोवर वाचनालयाचं उन्हाळी स्नेहभोजन आलं. त्यात अध्यक्षांच्या टेबलावरची फुलं गेली अकरा वर्षं बाईंची असत. गावात बाईंना जो काही मान होता तो त्या टेबलापासून मोजला जायचा. यंदा चिटणीस घरी आले, बिस्किट चहात बुडवलं आणि बाईंकडे न बघता म्हणाले, "साहेब, यंदा टेबलावर तुमचं ते फळातलं काहीतरी होऊ दे. बाई काय, दरवर्षी करतातच."

"मी सुटले बाई एकदाची," बाई म्हणाल्या आणि चिटणिसांचा कप अर्धा भरलेला असतानाच उचलून घेऊन गेल्या. "आयत्या बिळावर नागोबा," असं त्या स्वयंपाकघरात नळाला म्हणाल्या.

साहेबांनी खरबूज आणि लाल कार्नेशन ठरवलं. कागदावर आराखडा काढला, त्यावर उत्तर दिशासुद्धा दाखवली. मग त्यांनी विचारलं, "अगं, खरबूज पिकलेलं घेऊ की जरा कच्चं?"

वर्गाचा तिसरा धडा असा होता: फुलं आणि पिकलेली फळं एका खोलीत ठेवू नयेत. फळ पिकताना त्यातून असं काहीतरी सुटतं की जवळची फुलं वेळेआधी म्हातारी होतात, आणि कार्नेशन तर पाकळ्या मिटून कायमचीच झोपतात. आजवरची कलिंगडं, अननस, लिंबं स्वभावानं गरीब. खरबूज तसं नव्हे. साहेब पहिल्या धड्यालाही बसले नव्हते.

"चांगला घमघमाट येतो तेच घ्या," बाई म्हणाल्या. "आणि आदल्या दिवशीच करून ठेवा. ऐन वेळी धांदल नको. कोठीच्या खोलीत ठेवा, दार लावून. धूळ नको बसायला."

यातला एकेक सल्ला सुटा घेतला तर कुठल्याही बायकोनं दिला असता.

"तू आहेस म्हणून," साहेब म्हणाले.

आदल्या दिवशी साहेबांनी खरबुजात बारा कार्नेशन बसवली आणि दार लोटलं. बाईंनी मागच्या अंगणातली लाल झिनिया कापून मोरीतल्या बादलीत ठेवली, काचेचा वाडगा घासून लख्ख केला. सकाळी साहेब मान टाकलेली फुलं बघणार, आपण "अरेरे" म्हणणार, मिनिटभर थांबणार, मग वाडगा पुढे करणार. मिनिटभरच का, याचाही विचार झाला होता.

सकाळी सहाला त्यांनी कोठीचं दार उघडलं. आधी वास बाहेर आला. बाराच्या बारा झोपली होती. बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांची त्यांनाच थोडी लाज वाटली.

मग खरबुजाला टेकवलेलं कार्ड दिसलं. साहेबांचं नकाशावरचं अक्षर: 'मांडणी: वर्गाचा नवा विद्यार्थी. मार्गदर्शन: बाई.'

मागून साहेब आले, दात घासत. "वा! रात्रीची मिटली वाटतं."

"मिटली?"

"फुलं मिटतातच की गं रात्री. बारापर्यंत उघडतील. नाही का?" त्यांनी बुडबुडा तपासला, तो मधोमध होता, आणि ते समाधानानं आंघोळीला गेले.

दुसऱ्या एखादीचं काळीज त्या कार्डानं विरघळलं असतं. बाईंची नजर 'मार्गदर्शन' या शब्दावर अडकली. हा माणूस ही मेलेली फुलं घेऊन अध्यक्षांसमोर जाणार, ती उघडायची वाट बघत बसणार, आणि खाली नाव आपलं. कार्ड फाडावं? मग लोक म्हणतील, घरात बाई असून ही दशा. खरं सांगावं? मग घमघमाटाचंही सांगावं लागेल.

साहेबांची आंघोळ वीस मिनिटांची. बाईंनी सगळं पंधरा मिनिटांत उरकलं. कार्नेशन केरात, बारा झिनिया खरबुजात. आणि हात सवयीचा असल्यामुळे तो साहेबांच्या आराखड्यात थांबला नाही. एक दांडा झुकला, एक मागे सरला, आणि ती मांडणी बाईंची अकरा वर्षांतली सगळ्यात चांगली झाली.

साहेब टॉवेल खांद्यावर टाकून आले. फुलं मोजली. "बघ! म्हटलं नव्हतं? उघडली! बाराच्या बारा!"

"चहा गार होतोय," बाई म्हणाल्या.

स्नेहभोजनात अध्यक्षांच्या टेबलाभोवती गर्दी झाली. शेजारच्या काकूंनी तीन बाजूंनी फोटो काढले. जुनी विद्यार्थिनी बाईंच्या कानात म्हणाली, "बाई, राग मानू नका हं, पण साहेबांच्या हाताला मोकळेपणा आहे. आपलं जरा शिकवल्यासारखं होतं."

"मी काही केलं नाही हो," साहेब चिटणिसांना सांगत होते. "सकाळी मिटली होती. नुसता धीर धरला."

स्वतःच्याच फुलांवर जळायची वेळ बाईंवर आली होती. त्या वाढायला सुरुवात होईपर्यंत हसत उभ्या राहिल्या. पाण्याचा जग ठेवायला वाढप्यानं कार्ड उचलून खिशात घातलं, तेही त्यांनी पाहिलं. आता एवढंच बाकी होतं की साहेबांचं नाव माइकवरून पुकारलं जाणार, टाळ्या होणार, आणि त्या टाळ्या आपल्यालाही वाजवाव्या लागणार. त्यांनी हात पुसून तयार ठेवले.

जेवणं झाल्यावर खजिनदारांनी कागदावरून आभार वाचले. अध्यक्षांच्या टेबलावरच्या सुंदर फुलांबद्दल त्यांनी केटररचे आभार मानले. केटरर स्वयंपाकघराच्या दारात आला, मान लववली आणि आत गेला.