पायऱ्या नसलेलं घर

ऑक्टोबरात आर्ने कोस्कीला लकव्याचा झटका आला आणि त्याचं उजवं अंग लुळं पडलं. अमेरिकेतल्या डुलुथ गावात चढावर असलेलं त्याचं घर म्हणजे नुसत्या पायऱ्या. रस्त्यापासून दारापर्यंत बावीस, आणि आत न्हाणीघर वरच्या मजल्यावर. त्याची बायको हेल्मी बेचाळीस वर्षं त्या चढली-उतरली, पण मोजायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. झटक्यानंतर आर्नेला ठेवलं होतं त्या उपचार केंद्रातल्या बाईने कागद पुढे ओढून "घरी पायऱ्या किती?" असं विचारलं, तेव्हा तिने घरी येऊन एकेक मोजली.

केंद्रातला मुक्काम दहा जानेवारीपर्यंत होता. विमा कंपनी त्यापुढे एक दिवसही द्यायला तयार नव्हती. त्यानंतर एक तर एका मजल्याचं घर, नाहीतर परावलंबी म्हाताऱ्यांना कायमचं ठेवतात ते शुश्रूषागृह.

"मला तिथे टाकू नकोस," आर्ने म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती, पण एवढं वाक्य त्याने तीनदा म्हटलं. नीट उमटेपर्यंत म्हटलं.

"टाकायला तू काय जुनी गादी आहेस?" हेल्मी म्हणाली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन रडली.

नवं घर घ्यायचं तर आधी जुनं विकायला हवं, दुसरा पैसा नव्हता. घरांची दलाली करणारी डार्ला नोव्हेंबरच्या अखेरीस आली, तेव्हा बर्फ गुडघाभर होतं.

"ऐन नाताळात घर विकायचं म्हणजे लोक हसतील गं," हेल्मी म्हणाली.

"हसू देत. अहो, नाताळात कोणी घर काढत नाही, म्हणूनच आपण काढायचं. गावात विक्रीची पाटी शोधून सापडत नाहीये. आणि असल्या थंडीत बर्फ तुडवत जो येईल, तो नुसतं बघायला नाही येणार. घ्यायलाच येईल."

डार्लाचं म्हणणं खरं ठरलं. पाटी लागली त्याच रविवारी तीन कुटुंबं आली. विकणाऱ्याने त्या वेळी घरात थांबायचं नसतं, पण हेल्मीने पुल्ला, म्हणजे वेलची घातलेला फिनिश गोड पाव, भाजायला ठेवली होती. ती भट्टीत टाकून जायची कुठे? तिसरी आली ती टेस. सातवा महिना, कडेवर दोन वर्षांची मुलगी. नवरा वेस्ली बाहेर गाडी लावत होता. बूट काढायला ती जिन्यावर टेकली आणि तिला उठता येईना. हेल्मीने हात दिला.

"सप्टेंबरपासून हायवेवरच्या मोटेलात आहोत," टेस म्हणाली. "एक खोली. पाच घरं हातची गेली, आजी. आता तर बघायलाही भीती वाटते."

हेल्मीने तिला पुल्लाचा कडेचा तुकडा दिला, कारण तो जास्त भाजलेला आणि खमंग असतो. टेसने तो उभ्यानेच खाल्ला.

चौथ्या दिवशी टेस आणि वेस्लीने मागितलेली किंमत कबूल केली. फक्त पाच जानेवारीला ताबा हवा होता. डार्ला हेल्मीला बाजूला घेऊन म्हणाली, "आपण अट घालू. तुम्हाला दुसरं घर मिळेपर्यंत ताबा नाही. त्यांना परवडत नसेल तर दुसरं गिऱ्हाईक येईल. येईलच."

"पोरीचे दिवस भरत आलेत, डार्ला."

"आणि तुमचे?"

हेल्मीने अट न घालता सही केली. आर्नेने डाव्या हाताने केली. कोंबडीने पाय ओढल्यासारखी उमटली ती.

"पण आपण कुठे?" त्याने विचारलं.

"मिळेल रे. आपलं चार दिवसांत गेलं ना? तसंच आपल्यालाही मिळेल."

सही करताना तिचा यावर खरोखर विश्वास होता.

मग शोध सुरू झाला. गावात एका मजल्याची विक्रीला तीनच घरं होती. पहिल्याच्या तळघरात पाणी. दुसऱ्यावर एकोणीस जण तुटून पडले होते. तिसरं बघायला ती निघाली आणि वाटेतच डार्लाचा फोन आला, "परत फिरा, गेलं." भाड्याच्या इमारतीत लिफ्ट होती, पण तिथे नाव लावून दीड वर्ष थांबावं लागणार होतं. नाताळच्या आठवड्यात तर एकही नवी पाटी लागली नाही.

"वसंतापर्यंत कोणी घर काढत नाही हो," डार्ला फोनवर म्हणाली.

"हेच तू मला त्या दिवशी किती आनंदाने सांगितलंस," हेल्मी म्हणाली.  आणि तिने फोन ठेवला.

अठ्ठावीस तारखेला तिने मन घट्ट करून टेसला फोन केला. एक महिना थांबता येईल का, एवढंच विचारायचं होतं.

पलीकडून हुंदका आला. "आजी, एक तारखेनंतर मोटेलवाल्याने खोली दुसऱ्याला दिलीय. चार दिवस वेस्लीच्या मित्राच्या बैठकीत काढणार आहोत. त्याच्यापुढे आम्ही काय करू?"

"अगं, नाही, नाही. सहज विचारलं मी. रडू नकोस, बाळाला बरं नसतं."

पाच जानेवारीला सकाळी तिने बावीसही पायऱ्यांवरचं बर्फ काढलं, मीठ टाकलं आणि किल्ल्या दिल्या. टेसने तिला मिठी मारली. पोट मध्ये आल्याने ती अर्धवटच झाली.

दहा तारखेला आर्नेला शुश्रूषागृहात हलवलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा दिवसभर टीव्ही मोठ्याने लावायचा.

"फक्त वसंतापर्यंत," हेल्मी त्याच्या कानाशी म्हणाली. तो तिच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

ती स्वतः हिबिंग गावी नणंदेच्या तळघरात राहायला गेली. दीड तासाची वाट, तीही रस्ता उघडा असला तर. आठवड्यातून दोनदा आर्नेकडे जायचं ठरवलं होतं. फेब्रुवारीत वादळं लागोपाठ आली आणि सलग अकरा दिवस जाता आलं नाही. गेली तेव्हा तिथली सेविका म्हणाली, "व्यायाम सोडलाय त्यांनी. म्हणतात, कुठे जायचंय मला चालून?" मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुसरा झटका आला. त्यानंतर तो बोलला नाही.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि गल्लोगल्ली पाट्या लागल्या. डार्लाचा फोन आला. "चार घरं आहेत! एक तर अगदी तुमच्यासाठीच बांधल्यासारखं."

डॉक्टरने आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं. आर्नेला उचलायला आता दोन माणसं लागतात, दिवसा आणि रात्री. घरी नेण्याचा विषय संपला. हेल्मीने हे डार्लाला सांगितलं नाही. ती घर बघायला गेली.

सपाट रस्ता, उंबरठा जवळजवळ नाहीच. न्हाणीघर झोपायच्या खोलीला लागून. हेल्मी सगळीकडे फिरली. सिंकचा नळ सोडून पाहिला, बंद केला. कपाटं उघडली. मग रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहिली.

"संध्याकाळपर्यंत जाईल हे," डार्ला म्हणाली. "आत्ताच लिहून देऊ या का?"

"नको."

"का? काय कमी आहे यात?"

"काही कमी नाही," हेल्मी म्हणाली. "त्याला आता घरी आणता येत नाही, डार्ला."

डार्ला मटकन खिडकीच्या कट्ट्यावर बसली. "मला आधी का नाही सांगितलंत?"

"बघायचं होतं. आपण काय गमावलं, ते एकदा बघायचं होतं."

तिथून ती आर्नेकडे गेली. जेवणाची वेळ झाली होती. तिने वाटीतलं दाट सूप चमच्याने भरवलं. त्याने अर्धं गिळलं, अर्धं ओठांवरून ओघळलं. घराचं तिने त्याला काही सांगितलं नाही. त्याची हनुवटी पुसली, शेजारच्या टीव्हीचा आवाज जरा कमी करायला सांगितला आणि हिबिंगला निघायची वेळ होईपर्यंत त्याचा डावा हात धरून बसली. त्या हाताने मात्र तिचा हात धरला नाही.