न नेलेल्या पुड्या

"अर्ल कॉडिल, पोट साफ व्हायची पावडर आलीय तुझी. रात्री घे, सकाळी मोकळा."

ओलीटा टॅकेटने काउंटरवरून हाक दिली आणि दुकानातली सगळी डोकी अर्लकडे वळली. म्हातारा हसत हसत पुढे आला. त्याचे कान कोळशाच्या खाणीतच गेले होते, आणि लिक फोर्क गावातल्या निम्म्या बाप्यांची तीच गत होती. म्हणून ओलीटाचा आवाज कायम वरच्या पट्टीत. तीस वर्षं झाली, रॅटलिफच्या औषधाच्या दुकानात ती अशीच नावं पुकारत आली. कुणाला काय झालंय ते चर्चच्या आधी तिच्या काउंटरवर कळायचं. बाईच्या मनात पाप नव्हतं. मोठ्याने बोलायची सवय, एवढंच.

अर्लच्या मागे मार्लीन स्टम्बो होती, ओलीटाची शाळेपासूनची मैत्रीण. रक्तदाबाच्या गोळ्या तिच्या हातात देता देता ओलीटा म्हणाली, "अगं, तुझी अजून एक पुडी पडलीय. ती वजनाची."

"कुठली?" मार्लीनची मान लाल झाली. "डॉक्टरचंच काहीतरी चुकलं असेल." आणि ती उरलेले पैसे न घेताच निघून गेली.

ओलीटाला हसू आलं. अशा पुड्या कायम पडून राहत. गावात कुणी कुणाला जाड म्हणत नसे. बाई खात्यापित्या घरची असे, बाप्या हाडापेराने मोठा असे. आणि डॉक्टरने लिहून दिलेली वजन उतरवायची गोळी न्यायला मात्र कुणी येत नसे. "चला, पुढचं कोण," म्हणत ती संगणकाच्या पडद्याकडे वळली. भरायच्या औषधांच्या रांगेत अगदी खाली एक नाव नव्याने आलं होतं. टॅकेट, ओलीटा. आणि नावापुढे तीच गोळी.

"टॅमी, तुझं भलं होवो," ती पुटपुटली. टॅमी म्हणजे डॉक्टरची नर्स. काल तिला दोनदा बजावलं होतं, चिठ्ठी माझ्या हातात दे, मी डोंगरापलीकडच्या मोठ्या गावातून घेईन. पण बोटांना सवय ती सवय. टॅमीने बटण दाबलं आणि चिठ्ठी थेट इथे आली. तिला वाटलं असेल, हिचंच दुकान, घरच्या घरी काम होईल.

ओलीटाला घरच्या घरीच तर नको होतं. तिचे दोन्ही गुडघे झिजले होते. शहरातल्या सर्जनने हात वर केले, म्हणाला, आधी वजन उतरवून या, मग गुडघे बदलू. दुकानातलं काम सगळं उभ्याचं. मालक हर्शेलच्या बापाने घालून दिलेला नियमच होता, काउंटरमागे बसायचं नाही, बसलेला माणूस दिसला की दुकान बंद वाटतं. बाप गेला, नियम राहिला. येत्या थंडीत पाय टेकवेनासे झाले तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की आजारपणाचा विमाही जाणार. नवरा तर केव्हाच गेला होता. म्हणून ती गोळी हवी होती. फक्त ती इथे, या माणसासमोर नको होती.

तो माणूस म्हणजे मालक हर्शेल रॅटलिफ. काडीसारखा बारीक. रोज उजाडता धावायला जायचा. लहानपणी याच काउंटरखाली बसून त्याने ओलीटाच्या हातून गोड गोळ्या खाल्ल्या होत्या. आज तो शिकलेला औषधवाला होता आणि ती त्याची नोकर, तरी तो तिला 'मिस ओलीटा' म्हणायचा आणि ती त्याला अरेतुरे करायची. दर चिठ्ठी तो स्वतः तपासून भरत असे. म्हणजे संध्याकाळच्या आत तो तिच्या नावापाशी पोचणारच होता.

मग सुरू झाली तिची पळापळ. फोन वाजला की ती झडप घालून उचलायची आणि ज्याचं असेल त्याचं औषध रांगेत स्वतःच्या वर टाकायची. "हर्शेल, यांना घाई आहे रे." "हर्शेल, या बाईंचं पोर तापलंय." हर्शेल एक भरायचा, ओलीटा दोन घुसवायची. पण दहाच्या पुढे फोन थंडावले आणि तिचं नाव पायरी पायरीने वर येऊ लागलं. गुडघ्यात कळा येत होत्या. तीनदा तिने विचार केला, सरळ सांगून टाकावं. तीनदा तोंडापर्यंत आलेलं गिळलं.

दुपारी केल्सी आली. ही त्याच गोळीच्या कंपनीची मुलगी, महिन्यातून एकदा खेपेला यायची. दोन्ही हातांत पिशव्या, त्यात तळलेली कोंबडी, पावासारखी मऊ बिस्किटं, पांढरा रस्सा आणि वर नारळाचा केक. वजन उतरवायचं औषध विकणारीने तळलेली कोंबडी आणावी याचं कुणाला नवल नव्हतं. जेवण आणल्याशिवाय डॉक्टर दार उघडत नाही आणि दुकानदार तोंड. मागच्या खोलीत तिघं बसली. बसायला मिळालं म्हणून ओलीटाला क्षणभर बरं वाटलं.

"सर, मला खरं सांगा," केल्सी म्हणाली. तिने स्वतः एक घासही घेतला नव्हता. "डॉक्टर थोडं का होईना, लिहितात. तुम्ही भरून ठेवता. मग पुड्या इथेच का राहतात? असंच चाललं तर माझी नोकरी जाईल."

"हे बघ," हर्शेल म्हणाला, "विमावाले पैसे देत नाहीत, ही पहिली गोष्ट. रेल्वेवाल्यांना तेवढे देतात, बाकीच्यांना ठेंगा. दुसरं म्हणजे त्या मागच्या गोळ्या लोक विसरलेले नाहीत. बारीक व्हायला गेले आणि हृदयाच्या झडपा घालवून बसले. आणि डॉक्टरचं म्हणशील, तर तो बाईच्या तोंडावर वजनाचा विषय काढेल का? रविवारी तिच्याच हातचं खायचं असतं त्याला."

"पण ही नवी गोळी तशी नाही सर."

"असेल. पण मनातलं सांगू? गोळीने काय होणार. आपल्या लोकांच्या मनाला लगामच नाही. तोंड आवरा, पाय चालवा. फुकटातलं औषध आहे." असं म्हणून त्याने कोंबडीची दुसरी तंगडी उचलली. बारीक माणसाने खाल्लेलं कुणी मोजत नाही.

ओलीटा समोरच्या केककडे बघत राहिली. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्हीपैकी काहीच तिथे करता येण्यासारखं नव्हतं.

"मिस ओलीटा, तुम्ही घेत नाही काही?"

"भूक नाही बाळा."

"तुम्ही सांगा ना. बायका तुमच्याशी बोलतात. का नेत नाहीत?"

"मला काय विचारतेस," ओलीटा म्हणाली. "मी आपली नुसती नावं पुकारते."

बोलून गेली आणि तिला सकाळची मार्लीनची लाल मान आठवली. मग अजून दोघीतिघी आठवल्या. कुणी म्हणालं होतं चूक झाली असेल, कुणी म्हणालं होतं उद्या नेते. कुणीच आलं नव्हतं. आणि प्रत्येक वेळी दुकान भरलेलं होतं आणि आवाज तिचाच होता. ती उठली आणि हात धुवायला गेली.

जेवणानंतर हर्शेल पडद्यासमोर उभा राहिला. ओलीटा पाठ करून खोकल्याच्या बाटल्या पुसत होती, आधीच पुसलेल्या. त्याच्या बोटांची टकटक चालली होती. मग ती थांबली. बराच वेळ थांबली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिला उगाच वाटलं की सगळं दुकान आपल्याकडे बघतंय. खरं तर दुकानात अर्ल होता फक्त, तोही मासिकं चाळायला परत आलेला. थोड्या वेळाने हर्शेल फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात हुज्जत घालत होता. फोन ठेवला, पुन्हा लावला. चारच्या सुमाराला तिने तयार पुड्या ठेवायच्या खणांकडे पाहिलं. टॅकेटच्या खणात एक पुडी होती, तोंड नीट दुमडलेली.

दुकान बंद होईपर्यंत दोघं जगातल्या सगळ्या विषयांवर बोलली. पूल कधी दुरुस्त होणार, शाळेचा संघ यंदा कसा खेळतोय. पुडीचं नाव कुणी काढलं नाही. सहाला तिने अंगातला डगला काढून खुंटीला लावला, "येते रे," म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

घरी जायचं होतं. पण हातातली किल्ली फिरेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी तिने गाडी सुरू केली, दुकानाला वळसा घातला आणि बाजूच्या खिडकीपाशी आणून लावली. गाडीतून न उतरता औषध घेता यावं म्हणून केलेली ती खिडकी. तापलेली पोरं असलेल्या आया आणि लंगडे म्हातारे तिथे येत. तिने घंटा दाबली.

हर्शेलने काच सरकवली. तिला पाहून त्याचं तोंड उघडं राहिलं. 'आत या ना,' असं तो म्हणणार होता बहुतेक. ओलीटा मात्र समोर, स्टिअरिंगकडे बघत होती. त्याला कळलं.

"नाव?" त्याने विचारलं.

"टॅकेट. ओलीटा टॅकेट."

"जन्मतारीख?"

तिने सांगितली. त्याने ती पडद्यावर ताडून पाहिली. दरवर्षी त्या तारखेला तो तिचा केक खात आला होता, तरी पाहिली. मग पुडी घेऊन आला.

"विम्याने नाकारलंय," तो म्हणाला. "मी दोनदा फोन केला. गुडघ्यांचंही सांगितलं. म्हणतात, वजनासाठी देत नाही." मग त्याने एका महिन्याची किंमत सांगितली. तेवढ्यात तिचं घरभाडं भागत होतं. "मी असं म्हणतो, माझ्याकडून जर..."

"नको, हर्शेल."

 मग नेहमीचं वाक्य त्याच्या तोंडी आलं. "औषधाबद्दल काही विचारायचंय?"

हे विचारायचा कायदाच होता. तीस वर्षं ओलीटा गावाला हेच विचारत आली होती, आणि 'नाही' यायच्या आत पुढच्या माणसाकडे वळत आली होती.

"हो, विचारायचंय," ती म्हणाली. "दुपारी तू म्हणालास, मनाला लगाम नाही. वर्षभर मी पाला खाल्ला. शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारल्या, गुडघा सुजून लोटका होईस्तोवर मारल्या. तू पहाटे धावायला यायचास, मला हात करायचास. तेव्हा तुला काय वाटायचं रे, मी तिथे काय करतेय?"

हर्शेलने पुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मला वाटायचं, तुम्हाला सकाळची हवा आवडते."

ओलीटाला हसू आलं, आणि हसता हसताच डोळे भरले.

"मी तुमच्याबद्दल नव्हतो बोलत, मिस ओलीटा."

"मग कुणाबद्दल बोलत होतास?"

हर्शेल पुडीची दुमडलेली कड पुन्हा दुमडत राहिला.  ओलीटाने गाडी गिअरमध्ये टाकली. "राहू दे ती पुडी तिथेच. काच लाव, गार वारा येतोय आत."

दुसऱ्या दिवशी काउंटरमागे एक उंच स्टूल होतं. हर्शेलच्या बापाच्या खोलीतलं, बसायची गादी नवी घातलेली. कुणी आणलं, का आणलं, कुणी बोललं नाही. पहिला दिवस ओलीटा हट्टाने उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी बसली. दुकान बंद आहे असं कुणालाही वाटलं नाही.

न नेलेल्या पुड्या काही दिवसांनी मोडायच्या आणि औषध फळीवर परत ठेवायचं, हे काम ओलीटाचं. त्या शुक्रवारी तिने खण उपसले. स्वतःची पुडी उघडली, आतल्या डबीवरची आपल्या नावाची चिठ्ठी नखाने खरवडून काढली. चिठ्ठी चिवट होती, 'टॅकेट' तेवढं निघेना. पाण्याचं बोट लावून तेही काढलं आणि डबी फळीवर ठेवली. मग मार्लीनची पुडी हातात घेतली. मार्लीनचा नवरा रेल्वेत होता. विम्याने सगळे पैसे भरले होते. द्यायचं काही नव्हतं, फक्त घेऊन जायचं होतं.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली आणि मार्लीनच आत आली, नवऱ्याच्या औषधासाठी. दुकानात पाचसहा माणसं होती. ओलीटाने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. काउंटर धरून ती स्टुलावरून उतरली, वळसा घालून मैत्रिणीपाशी गेली.

"गाडी जरा बाजूच्या खिडकीला लाव," ती हळूच म्हणाली.

"का गं? आलेय ना मी आत. आणि तुझ्या आवाजाला काय झालं?"

"लाव तर खरं."

खिडकी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला. ओलीटा फळ्या धरत धरत तिथवर गेली. हर्शेल काम सोडून तिच्याकडे बघत होता, पण मध्ये आला नाही. तिने काच सरकवली. खाली गाडीत मार्लीन, वर बघत, आता काय नवीन खूळ म्हणून.

"नाव?" ओलीटाने विचारलं.

मार्लीन हसणार होती. एका बाकावर बसून वाढलेल्या दोघी. मग तिची नजर ओलीटाच्या हातातल्या पुडीवर गेली आणि ती हसली नाही.

"स्टम्बो," ती म्हणाली. "मार्लीन स्टम्बो."

"जन्मतारीख?"

मार्लीनने सांगितली. ओलीटाने नवऱ्याची आणि तिची अशा दोन्ही पुड्या खाली दिल्या, एकीवर एक. "पैसे काही नाहीत. औषधाबद्दल काही विचारायचंय?"

"नाही," मार्लीन म्हणाली. पण पुड्या मांडीवर तशाच होत्या आणि गाडी जागची हलत नव्हती.

ओलीटाने दोन्ही कोपर खिडकीच्या कट्ट्यावर टेकले, म्हणजे गुडघ्यांवरचा भार थोडा कमी होईल.

"सावकाश," ती म्हणाली. "मागे कुणी नाही."